नशा नावाची एकच पिशवी

परवा सकाळी साडेसातला फोन वाजला. पलीकडे आमच्या गावातले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. आदल्या रात्री त्यांच्या धाकट्या मुलाला पोलिसांनी एका मित्रासोबत उचललं होतं. तालुक्याच्या तीन-चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर बातमी फिरूनही झाली होती. ‘गांजासदृश अमली पदार्थासह दोघे जेरबंद.’ सोबत फोटो. फोटोत गांजा नव्हताच. रंगीत चित्र छापलेल्या जाड कागदाचे पंचवीस बारके चौकोन होते, एकेक करंगळीच्या नखाएवढा.

काकांनी मला एवढंच विचारलं, “भाऊ, गांजाच हाय ना? मग सुटंल ना लवकर?”

मी “बघतो” म्हणालो आणि फोन ठेवला. ते चौकोन एलएसडीचे असतील तर उत्तर ‘नाही’ असं होतं, आणि ते सकाळी साडेसातला एका बापाला फोनवर सांगण्याइतका मी अजून निर्ढावलेलो नाही. पण दिवसभर तो प्रश्न डोक्यात राहिला. आणि त्याच्या मागोमाग माझी स्वतःची एक जुनी चूक.

ती आधी सांगून टाकतो.

बावीस वर्षं झाली. पत्रकारितेची पदविका नुकतीच घेतलेली, एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून लागलेलो. मानधन विचारू नका. जवळच्या वाडीतल्या एका शेतमजुराला रात्री बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात आणलं होतं. माणूस अंगावरचे कपडे काढत होता, हवेतून काहीतरी वेचल्यासारखं करत होता, मेलेल्या भावाशी पाणंदीच्या वादावर तावातावाने बोलत होता. बाहेर जमलेले लोक हसत होते. कुणीतरी म्हणालं, “गांजा जास्त झाला.” मी तेच लिहिलं. ‘नशेत धुंद मजुराचा रुग्णालयात धिंगाणा’, दोन कॉलम, नावासकट.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. ते चिडले नव्हते, हेच जास्त लागलं. म्हणाले, “त्याला घाम होता का, पाहिलंत? जीभ लाकडासारखी कोरडी, अंग भाजतंय, डोळ्यांच्या बाहुल्या पार पसरलेल्या, लघवी अडलेली. हा गांजा नाही हो. धोतरा आहे.” बांधावरून खुडून आणलेल्या तांदुळजाच्या भाजीत धोतऱ्याची कोवळी पानं आली होती. बायकोचा त्या दिवशी उपास, म्हणून ती वाचली. चार दिवसांनी दैनिकात आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. कुणी वाचला नाही. त्या माणसाला वाडीत ‘गंजेडी’ हे नाव पडलं ते पडलंच. पुढे एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “दादा, म्या बिडीबी वडत न्हाई.” बस, इतकंच.

तेव्हापासून मी या विषयावरचं सापडेल ते वाचत आलोय. त्यातून कळलं ते असं की भास घडवणाऱ्या पदार्थांचा इतिहास हा जितका रसायनांचा, तितकाच त्यांना नावं ठेवणाऱ्यांचा इतिहास आहे. कोणती वस्तू कोणत्या घरात टाकायची हे कधी वैद्याने ठरवलं, कधी शास्त्रज्ञाने, कधी फौजदाराने, कधी राजकारण्याने. आणि त्या घरांच्या भिंती एकमेकांशी जुळत नाहीत.

सुरुवात आपल्या शेजारूनच करू. १५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात लिहिलेलं. लेखक गार्सिया द ओर्ता, वैद्य. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती, आणि मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालेलं होतं. (होय, अख्खी मुंबई भाड्याने.) या पुस्तकात भांगेवर वेगळं प्रकरण आहे आणि धोतऱ्यावर वेगळं. भांगेच्या प्रकरणात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची गोष्ट येते. त्याने म्हणे एका पोर्तुगीज सरदाराला सांगितलं होतं की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावंसं वाटलं की आपण थोडी भांग खातो, काम होतं. धोतऱ्याच्या प्रकरणात असली मौज नाही. तिथे एक मोलकरीण येते. तिला एका गुलामाने धोतरा चारला, किल्ल्या घेतल्या आणि दागिने लंपास केले. भांग खाणारा स्वतःच्या हौसेने फिरायला जातो. धोतरा बहुतेक वेळा दुसऱ्यानेच चारलेला असतो, आणि चारणाऱ्याची नजर तुमच्या गाठोड्यावर असते. साडेचारशे वर्षांपूर्वी ओर्ताला हा फरक दिसला होता. मला २००३-०४ साली दिसला नाही.

धोतऱ्याचा हा धंदा पुढेही चालू राहिला. इंग्रजी अमदानीत नॉर्मन चीव्हर्स या डॉक्टरने १८५६ साली हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकावर ग्रंथ लिहिला. त्यात वाटसरूंना धोतरा घालून लुटण्याचे प्रकार तपशिलाने आले आहेत. आजही ‘गुंगीचं औषध देऊन लुटले’ ही बातमी महिन्याआड येते. औषध बदललं, रीत तीच.

आता एक हकीकत, जी वाचून मला माझा खुलासा आठवला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विलायतेत ओरड सुरू झाली की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत. चौकशीसाठी सरकारने १८९३ साली आयोग नेमला, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. आयोग देशभर फिरला, अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. त्यातलं वेड्यांच्या इस्पितळांचं प्रकरण प्रत्येक पत्रकाराने वाचावं असं आहे. इस्पितळाच्या नोंदवहीत ‘वेडाचं कारण’ असा एक रकाना असे. तो रोग्याला पाठवणाऱ्या पोलिसांच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदावरून भरला जाई. पोलिसांना कारण माहीत नसलं की आसपास विचारायचं, आणि कुणी ‘ओढायचा’ म्हणालं की ‘गांजा’ लिहून मोकळं व्हायचं. रकाना रिकामा तर ठेवता येत नाही! १८९२ या एका वर्षात दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे असं कारण लागलं होतं. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासलं तेव्हा ९८ उरली. त्यातही फक्त गांजा-भांग-चरस हेच कारण म्हणता येईल अशी ६१. बाकीच्यांच्या नावापुढे तो शब्द कुणा शिपायाने किंवा कारकुनाने डकवला होता.

गांजा निरुपद्रवी आहे असं आयोग म्हणाला नाही. अति सेवन वाईटच, असं त्याने लिहिलं. पण ‘वेडाचं कारण’ या रकान्यावर विश्वास ठेवू नका, हेही लिहिलं.

या सगळ्या वस्तूंची शास्त्रीय मांडणी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीतला. लुई लेविन नावाच्या औषधशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये ‘फँटास्टिका’ हे पुस्तक लिहिलं आणि मनावर चालणाऱ्या वस्तूंची पाच घरं केली. दारूसारखी धुंदी आणणारी, चहा-कॉफी-तंबाखूसारखी तरतरी आणणारी, अफूसारखी सुख देणारी, झोप आणणारी, आणि पाचवं घर भास घडवणाऱ्यांचं. त्यालाच त्याने फँटास्टिका म्हटलं. या पाचव्या घरात मेक्सिकोचा पेयोटे निवडुंग होता, गांजा होता, धोतराही होता. लेविनची पाच घरं आजही बरीचशी टिकून आहेत. पण पाचव्या घरात पुढे भांडणं लागली आणि भिंती घालाव्या लागल्या.

त्या भिंती मला आमच्याच डॉक्टरांनी समजावल्या, दोरी आणि सापाचा दृष्टान्त देऊन. अंधारात दोरी पडलीय आणि साप वाटतोय, हा एक प्रकार. दोरीच नाही आणि साप दिसतोय, हा दुसरा. आणि साप-दोरी राहू द्या, पाहणारा मीच देहाबाहेर कुठेतरी गेलोय, हा तिसरा. डॉक्टर म्हणाले तसं हे ढोबळ आहे, पण कामाचं आहे.

पहिल्या घरात एलएसडी, काही अळंब्यांतलं सायलोसायबिन, पेयोटेतलं मेस्कॅलिन. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन ज्या कुलपांत किल्लीसारखं बसतं, त्यातल्या ‘५-एचटी-२ए’ नावाच्या कुलपात या वस्तू जाऊन बसतात. असलेलंच वेगळं दिसू लागतं. भिंत श्वास घेते, रंग चढतात, वेळ ताणला जातो, आवाज ‘दिसतो’. बहुतेकदा माणसाला आपण काहीतरी घेतलंय याचं भान असतं आणि नंतर आठवतंही. एलएसडीचा अंमल आठ ते बारा तास, अळंबीचा चार ते सहा.

दुसऱ्या घरात केटामाइन आणि पीसीपी. यांचं कुलूप वेगळं, ग्लुटामेटचं. शरीर आणि मन यांच्यातली तार सुटल्यासारखी होते.

तिसरं घर धोतऱ्याचं. अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही त्यातली विषं. ती अॅसिटिलकोलिन या रसायनाची वाट अडवतात. म्हणून घाम बंद, लाळ बंद, लघवी बंद, ताप, धावणारं काळीज. आणि नसलेली माणसं दिसतात, त्यांच्याशी माणूस बोलतो, त्याला ते खरंच वाटतं. शुद्धीवर आल्यावर फारसं आठवत नाही. आमच्या मजुराला तो मेलेला भाऊ आठवत नव्हता. बाहुल्या एलएसडीनेही मोठ्या होतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवरून ठरवू नये. पण ते कोरडं, भाजणारं अंग पाहून जाणता डॉक्टर तिसरं घर ओळखतो. आणि ओळखावंच लागतं, कारण इथे माणूस मरू शकतो. घराघरांप्रमाणे उपचार बदलतात. ‘नशा केलीय, झोपू दे, उतरेल’ हे वाक्य तिसऱ्या घरात जीव घेतं.

गांजा या तिन्ही घरांत नीट बसत नाही. त्याचं कुलूप चौथंच. जास्त झाला तर भास होतात, पण तो मुळात भासांचा पदार्थ नाही. आणि हल्ली ज्याच्या बातम्या आपण रोज वाचतो ते ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, ज्याचा मोठा साठा २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभला पकडला, ते तर उत्तेजक आहे. त्याचा या कुटुंबाशी संबंध नावापुरता. पण आमच्या बातम्यांत सगळे एका ओळीत ‘नशेचे पदार्थ’ म्हणून उभे असतात.

आता त्या कागदाच्या चौकोनांकडे येतो. त्यांची गोष्ट बाजरीच्या शेताजवळून जाते, म्हणून आपल्या भागातल्या लोकांना लवकर कळेल. बाजरीच्या कणसातून मधासारखा चिकट रस गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट कठीण शिंग येतं, तो रोग म्हणजे अरगट. चिकटाही म्हणतात. म्हणूनच पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारं काढून टाकायला कृषी सहायक सांगतात. असं अरगट मिसळलेली बाजरी खाऊन १९७५ मध्ये राजस्थानात लोकांना उलट्या आणि चक्कर यांचा त्रास झाला होता. युरोपात हीच बुरशीची जात राय या धान्यावर येते. तिथलं विष जास्त उग्र. मध्ययुगात त्या भाकरीने गावंच्या गावं आजारी पडत. हातपाय काळे पडून गळत, झटके येत, भास होत. ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत त्याला. गंमत अशी की त्याच बुरशीपासून बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारी औषधंही निघाली.

स्वित्झर्लंडच्या बाझल गावात सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन हा रसायनशास्त्रज्ञ अशाच औषधांच्या शोधात अरगटच्या आम्लापासून एकामागून एक संयुगं बनवत होता. १९३८ मध्ये पंचविसावं बनवलं. जनावरांवर तपासलं, खास काही दिसलं नाही, बाजूला ठेवलं. पाच वर्षांनी, १६ एप्रिल १९४३ ला, ते पुन्हा बनवताना त्याला विचित्र वाटू लागलं. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्याने मुद्दाम मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा घेतला. त्याच्या हिशेबाने हे अगदी थोडं होतं. प्रत्यक्षात ते फार निघालं. लढाईच्या दिवसांत मोटार कुठली, म्हणून मदतनिसासोबत तो सायकलवरून घरी गेला. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला चेटकीण वाटली, आपण मेलो असं वाटलं. डॉक्टर आला तर बाहुल्या सोडून काहीच सापडेना. दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत होता. पुढे १०२ वर्षं जगला.

सँडोझने १९४७ पासून ते ‘डेलिसिड’ नावाने मानसोपचाराच्या डॉक्टरांना पुरवलं. रोग्याच्या मनात काय चालतं ते कळावं म्हणून डॉक्टरांनी स्वतः घेऊन पाहावं, अशीही सूचना होती. पुढची काही वर्षं युरोप-अमेरिकेत यावर खूप काम झालं. काही चांगलं, काही अंदाधुंद, आणि काही सरळ गुन्हेगारी. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने माणसांना न सांगता एलएसडी दिल्याचं पुढे उघड झालं. याच काळात नावांचाही घोळ चालू होता. आधी ‘वेडाची नक्कल करणारे’ म्हणायचे. मग हंफ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने, ज्याने १९५३ मध्ये लेखक आल्डस हक्स्लीला मेस्कॅलिन दिलं होतं, ‘सायकेडेलिक’ हा शब्द काढला. अर्थ साधारण ‘मन उघडं करणारे’. वस्तू तीच. एक शब्द ऐकून डॉक्टर घाबरायचा, दुसरा ऐकून कॉलेजातलं पोरगं धावायचं.

इथे आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. मेक्सिकोच्या डोंगरात वाउत्ला नावाचं माझातेक आदिवासींचं गाव. तिथली मारिया साबिना ही बाई रात्रीच्या पूजेत अळंबी देऊन लोकांचे आजार ‘पाहायची’. तिच्या लेखी ते देवकार्य होतं. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकेतला अळंबीवेडा गॉर्डन वॉसन तिथे पोहोचला, पूजेत बसला, आणि १९५७ मध्ये ‘लाइफ’ या बड्या साप्ताहिकात त्याचा सचित्र लेख आला. बाईचं नाव त्याने बदललं होतं. काय उपयोग? काही वर्षांत परदेशी पोरांची रीघ लागली. पोलीस आले. गावाने दोष मारियाला दिला. तिचं घर जळालं. पुढे ती म्हणे की परके आल्यापासून अळंबीतली ताकद गेली. हॉफमनने त्याच अळंबीतून १९५८ मध्ये सायलोसायबिन वेगळं काढलं, त्याचं शास्त्रज्ञांत कौतुक झालं. वॉसन वाईट माणूस नव्हता. त्याने एक चांगला लेख लिहिला, एवढंच. लेख छापून आल्यावर गावात कोण राहणार आहे, याचा विचार त्याने केला नव्हता.

मग साठचं दशक. पोरं रस्त्यावर, व्हिएतनामचं युद्ध, हिप्पी. सँडोझने वाटप थांबवलं, १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने एलएसडीवर बंदी घातली, १९७० मध्ये अमेरिकेने देशभराचा कायदा केला. २१ फेब्रुवारी १९७१ ला व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. त्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक यादीत एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कॅलिन, डीएमटी आणि गांजातलं टीएचसी. अॅम्फेटामिन दुसऱ्या यादीत, झोपेच्या गोळ्या तिसऱ्या-चौथ्या यादीत. औषध कंपन्यांचे कारखाने ज्या देशांत होते, त्यांच्या मालाला सैल याद्या मिळाल्या असं माझं मत. व्यसन आणि मृत्यू यांचा हिशेब मांडला तर झोपेच्या गोळ्या मागे राहिल्या नसत्या. पण त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायच्या आणि एलएसडी केस वाढवलेल्या पोरांच्या खिशात असायची.

याच काळात ती पोरं कळंगुट-अंजुणेच्या किनाऱ्यावर येऊन राहिली होती, आणि आपल्याकडे अशा रसायनांसाठी धड कायदाच नव्हता. अफूचे जुने कायदे आणि १९३० चा एक, एवढंच. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला, १४ नोव्हेंबरपासून लागू. त्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसतं पान त्याबाहेर, म्हणून भांग त्याबाहेर. (आपल्या राज्यात भांगेला १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, तो वेगळा.) एलएसडी यादीत आली. केटामाइन मात्र २०११ पर्यंत यादीत नव्हतं. तेही आलं ते बरंच, पार्ट्यांमध्ये चाललं होतं, आणि सतत घेणाऱ्यांची मूत्राशयं कायमची खराब होतात. पण तेच केटामाइन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. भूल देणारा तज्ज्ञ आणि मोठी यंत्रं नसलेल्या दवाखान्यांत त्याच्यावर शस्त्रक्रिया पार पडल्या आहेत. आणि धोतरा? यादीत नाही. कुणाला चारला तर विष घातल्याचा गुन्हा, पण झाड महादेवाच्या देवळामागे खुशाल उभं. असावंही. माझा मुद्दा एवढाच की कायद्याची यादी पाहून धोका किती हे ठरवू नका.

आता तो हिशेब, जो मला त्या सकाळी फोनवर सांगता आला नाही.

एनडीपीएसमध्ये शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’, वीस किलोपासून ‘व्यापारी’. एलएसडी ०.००२ ग्रॅमपर्यंत अल्प, म्हणजे दोन मिलिग्रॅम. ०.१ ग्रॅमपासून व्यापारी. अल्पला कमाल एक वर्ष. व्यापारीला किमान दहा, कमाल वीस वर्षं, दंड वेगळा, आणि जामीन जवळपास मिळतच नाही. कलम ३७.

प्रश्न असा की वजन कशाचं? एलएसडी दिसत नाही इतकी थोडी असते, मापाची गोष्ट कागदाचीच होते. अमेरिकेत १९९१ मध्ये चॅपमन नावाच्या माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्याकडच्या हजार चौकोनांत एलएसडी होती सुमारे ५० मिलिग्रॅम, कागदासकट वजन ५.७ ग्रॅम. न्यायालय म्हणालं, कागद धरा. दोन वर्षांनी तिथल्या शिक्षा आयोगाने स्वतःच्या तक्त्यात चौकोनामागे ०.४ मिलिग्रॅम धरायचं ठरवून थोडी वाट काढली. किमान शिक्षेसाठी मात्र जुनंच माप राहिलं. आपल्याकडे हिरासिंग खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रणात भेसळीचं वजनही धरायचं. ते हेरॉइनच्या पुडीला समजू शकतं. कागदाला लागू करायचं का, यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद झाले. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अळंबीबाबत म्हटलं की अळंबी हे मिश्रण नव्हे, आतलं सायलोसायबिन मोजा.

चॅपमनचेच आकडे घेऊन मी पेन्सिलने मांडून पाहिलं. एक चौकोन ५.७ मिलिग्रॅम. कागद धरला तर एकच चौकोन ‘अल्प’च्या बाहेर जातो. अठरा चौकोन झाले की ‘व्यापारी’. कागद सोडला तर व्यापारी व्हायला दोन हजार चौकोन लागतील. काकांच्या पोराकडे आणि त्याच्या मित्राकडे मिळून पंचवीस. म्हणजे एका बाजूला बहुधा अल्प, दुसऱ्या बाजूला वीस किलो गांजा बाळगणाऱ्याच्या रांगेत. मधे कागद.

पोरगं निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. विकत होता की नाही, ते तपासात येईल. आणि पोरांनो, हे वाचत असाल तर ऐका. एलएसडीने शरीराला सहसा विषबाधा होत नाही, हे खरं. पण घाबरून गच्चीवरून खाली जाणं होतं, गाडीखाली जाणं होतं. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर एखाद्या रात्रीतून सुरू झालेलं थांबत नाही असंही होतं. शिवाय चौकोनात एलएसडीच आहे हे कोण सांगणार? एनबोम नावाची रसायनं तशाच कागदावर एलएसडी म्हणून विकली गेली आणि त्यांनी परदेशांत माणसं मेली. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून निवडक मानसोपचारतज्ज्ञांना औदासीन्याच्या हट्टी रोग्यांसाठी सायलोसायबिन वापरता येतं, ते दवाखान्यात, देखरेखीत. इन्स्टाग्रामवरचे ज्ञानी लोक हे शेवटचे चार शब्द गाळतात.

संध्याकाळी काकांकडे गेलो. ओट्यावर बसलो. गांजा नाही, दुसरं आहे, हे सांगितलं. वजनाचं सांगितलं. त्यांनी चाळीस वर्षं डिझेलचा आणि किलोमीटरचा हिशेब ठेवलेला. आकडे त्यांना लगेच कळले. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे कागदाची शिक्षा?” मी म्हणालो, “वकिलांना पंचनाम्याची प्रत काढायला सांगा. वजन कागदासकट लिहिलंय का, बघू. प्रयोगशाळेने एलएसडी किती ते वेगळं मोजायला हवं, तसा अर्ज आत्ताच द्या.” त्यांनी डायरी आणली आणि लिहून घेतलं. ‘एलएसडी’ हा शब्द मला दोनदा सांगावा लागला.

रात्री बातमी पाठवली. ‘एलएसडी असल्याचा संशय असलेले कागदाचे पंचवीस चौकोन जप्त, तपासणी अहवाल बाकी.’ पोरांची नावं दिली नाहीत. साडेअकराला डेस्कवरून फोन आला, शीर्षक लांब होतंय, ‘गांजा’ करू का? नाही म्हणालो. मग ‘नशेचे पदार्थ’ करू का, म्हणाला. त्यालाही नाही म्हणालो. सकाळी अंक बघितला. शीर्षक मी दिलेलंच होतं, फक्त ‘संशय’ शब्द उडाला होता. तो उद्याच्या अंकात परत आणायचा आहे. डेस्कशी बोलणं झालंय, या वेळी पहिल्या पानावर.